मोठेपणी लागलेली कथा-कादंबरीची गोडी

साकव

लहानपणापासून वाचणाऱ्यांच्या आठवणी पुष्कळ वाचायला मिळतात. पांघरुणात लपून वाचलेली पुस्तकं, सुट्टीत पाडलेला फडशा, वाचनाच्या नादात ऐकूच न आलेल्या हाका. माझ्याकडे यातलं काही नाही. मला कथा-कादंबरीची गोडी लागली ती चाळिशी उलटल्यावर, आणि इतकी जोरात लागली की कोणाशी तरी त्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाहीये. म्हणून हा धागा.

मी वाचत नव्हते असं नाही. कामाचं वाचायचे, आरोग्यावरचं वाचायचे, इतिहास, चरित्रं, पैशांचं नियोजन, सगळं. हातात पेन्सिल असायची. महत्त्वाच्या ओळीखाली रेघ मारायची आणि पुस्तक मिटलं की यातून काय मिळालं ते चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे, असा माझा शिरस्ता. कादंबरी त्यात कुठेच बसत नव्हती. जे घडलंच नाही ते चारशे पानं कशासाठी वाचायचं? शाळेत गोष्टी वाचल्या त्या धड्याखालच्या प्रश्नांसाठी. संदर्भासह स्पष्टीकरण द्या, अमक्याचं स्वभावचित्र रेखाटा. गोष्ट संपायची तिथून काम सुरू व्हायचं.

मग माझी मुलगी एक कादंबरी वाचत होती आणि तिला त्यावर बोलायला कोणीतरी हवं होतं. "आई, तू वाच ना, मला तुला विचारायचंय ती बाई असं का वागते." केवळ तिच्यासाठी वाचायला घेतली. त्यात एका माणसाची नोकरी गेलेली असते. घरी सांगायची हिंमत होत नाही, म्हणून तो रोज सकाळी ठरल्या वेळी तयार होऊन बाहेर पडतो आणि संध्याकाळी परत येतो. बायकोला ते कळलेलं असतं. तरी ती रोज रात्री त्याच्या शर्टाला इस्त्री करून ठेवते. मुलीचा प्रश्न होता, ती स्पष्ट विचारत का नाही? नाटक का करते?

मी तो परिच्छेद परत वाचला. बायकोच्या मनातलं एक अक्षर लेखकाने लिहिलेलं नव्हतं. कॉलरच्या कडेवर तिने इस्त्री जरा जास्त वेळ दाबून धरली, एवढंच होतं. आणि मला ती बाई अख्खी कळली. तिचा राग, त्याची लाज झाकून ठेवण्याची तिची धडपड, आणि तो स्वतःहून कधी सांगेल याची वाट बघणं. हे मला कोणी समजावलं नव्हतं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत, माणसं काय काय न बोलता सांभाळतात ते मी पाहिलंय, म्हणून कळलं. मुलीला नाही कळलं, आणि तिच्या वयाला ते साहजिकच आहे.

ओळखीचे लोक म्हणतात, अगं, लहानपणी वाचायला हवं होतंस, केवढं राहून गेलं तुझं. मला हे पटत नाही. कादंबरी निम्मी कागदावर असते, उरलेली वाचणाऱ्याने आपल्या गाठीशी असलेल्या अनुभवातून भरायची असते. सोळाव्या वर्षी माझ्या गाठीशी काय होतं? आज कोणाचं तरी आजारपण आहे, तुटलेली मैत्री आहे, वरिष्ठांपुढे गिळलेले शब्द आहेत. हे सगळं वाचताना कामाला येतं. आजवर ते माझ्याकडे नुसतं पडून होतं.

आणि पुस्तक मिटल्यावर ती माणसं जात नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं. मीटिंगमध्ये आकडे बघत असताना मधेच मनात येतं, तिने त्या पत्राला उत्तर दिलं असेल का?

पुस्तकांच्या याद्या नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत. ही गोडी मोठेपणी लागते तेव्हा नक्की काय होतं, काय अडतं, काय सुटतं, त्यावर लिहा.

पानगळ

अगदी अगदी. माझं तर पन्नाशीनंतर सुरू झालं. मला सगळ्यात अवघड गेली ती सुरुवातीची पानं. कोण कोणाचा कोण, घर कुठलं, हे बोलतंय कोण, काही लागत नाही आणि वाटतं, हा आपला प्रांत नव्हे. माहितीच्या पुस्तकात लेखक प्रस्तावनेतच सांगून टाकतो की पुढे काय येणार आहे. कादंबरीत तो मुद्दाम लपवतो. वाचणारा काही काळ अंधारात असावा हीच त्याची इच्छा असते, हे लक्षात आल्यावर माझी घाई संपली. तेवढी पानं लेखकावर भरवसा ठेवून काढायची.

तिठा

धागा मनापासून लिहिलाय, म्हणून मनापासून विचारतो. वाद घालायचा नाही.

माझ्याकडे दिवसाकाठी वाचायला कसाबसा अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात मी खऱ्या माणसाचं चरित्र वाचलं तर मला खरं घडलेलं कळतं. कादंबरीतला माणूस लेखकाने रचलेला. त्याने काय केलं आणि का केलं हे लेखकाच्या मर्जीवर. मग त्यातून मला माणसाबद्दल काय कळणार? लेखकाबद्दल कळेल फार तर. साकव, तुम्ही इतकी वर्षं माझ्यासारखंच वाचत होतात, म्हणून तुम्हालाच विचारतोय.

साकव

तिठा, प्रश्न रास्त आहे. चरित्रं मी अजूनही वाचते. पण चरित्रकाराला कागदपत्रांपाशी थांबावं लागतं. रात्री दोन वाजता तो माणूस छताकडे बघत काय विचार करत होता, हे पत्रात किंवा डायरीत नसेल तर चरित्रकार लिहू शकत नाही, आणि लिहूही नये. कादंबरीकाराला तिथे जाता येतं. त्याने रचलेलं असतं हे खरं, पण ते खोटं असलं तर वाचणाऱ्याला लगेच जाणवतं. "छे, असं कोणी वागत नाही" असं आपण म्हणतोच की. म्हणजे पडताळा घ्यायला आपण स्वतः बसलेले असतो.

अवकाशवेध

तिठा, तुमच्या प्रश्नाला हल्ली एक तयार उत्तर मिळतं, की कथा वाचल्याने सहानुभूती वाढते, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. त्यावर विसंबू नका म्हणून लिहितो.

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात डेव्हिड किड आणि इमान्युएल कास्टानो यांचा अभ्यास आला. काही लोकांना साहित्यिक कथांचे छोटे उतारे वाचायला दिले, काहींना इतर मजकूर. मग फक्त डोळ्यांचे फोटो दाखवून त्या व्यक्तीच्या मनात काय चाललंय ते ओळखायला सांगितलं. कथा वाचणारे सरस ठरले. बातमी जगभर झाली. पुढे 'नेचर' आणि 'सायन्स'मधले असे सामाजिक प्रयोग पुन्हा करून बघण्याचं मोठं काम काही संशोधकांनी मिळून हाती घेतलं, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. २१ पैकी १३ प्रयोगांचा निकाल पुन्हा मिळाला. हा प्रयोग त्या १३ मध्ये नव्हता. त्याच वर्षी अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावाही निघाला. त्यात परिणाम दिसला, पण अगदी लहान.

आयुष्यभर कथा वाचत आलेली माणसं अशा चाचण्यांत जरा बरी ठरतात, हे रेमंड मार आणि कीथ ओटली यांच्या गटाने २००६ मध्येच दाखवलं होतं. मात्र वाचून ती तशी झाली, की मुळात माणसांत रस आहे म्हणून कथांकडे वळली, हे त्यावरून ठरत नाही.

त्यामुळे अधिक चांगला माणूस होण्यासाठी कादंबरी वाचा, असं मी कोणाला सांगणार नाही. मी स्वतः नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी वाचायला लागलो. वाचत असताना काही तास माझ्या डोक्यातली माझीच बडबड थांबते आणि दुसऱ्या कोणाची तरी सुरू होते. मला तेवढं कारण पुरतं.

तिठा

अवकाशवेध, आभार. फायदे सांगून कोणी मागे लागलं की मी उठून जातो. तुम्ही फायदाच काढून घेतलात, आता एखादी कथा वाचून बघावीशी वाटतेय.

रानजाई

मी वाचनालयात काम करते. मोठी माणसं पहिल्यांदा ललित विभागाकडे येतात ती मला लांबूनच कळतात. कपाटासमोर उभी राहतात, एक पुस्तक काढतात, मागच्या पानावरचा मजकूर वाचतात, परत ठेवतात. दुसरं काढतात. मग टेबलापाशी येऊन खालच्या आवाजात म्हणतात, "काहीतरी हलकंफुलकं असलं तर द्या." इतकी शिकलेली, हाताखाली माणसं असलेली माणसं, पण या कपाटापुढे संकोचतात. आपल्याला साहित्यातलं कळत नाही, हे कधीतरी कोणीतरी त्यांच्या मनावर पक्कं बिंबवलेलं असतं.

मी हलकं देत नाही. मी विचारते, तुम्हाला कोणत्या प्रकारच्या माणसांबद्दल कुतूहल आहे? एका गृहस्थांनी जन्मभर हिशेब तपासले होते. ते थोडा विचार करून म्हणाले, "धडधडीत खोटं बोलून जी माणसं शांत झोपतात त्यांच्याबद्दल." त्यांना गुन्हेकथा देता आली असती. मी त्यांना एका कुटुंबाची कादंबरी दिली. तिच्यात रक्त सांडत नाही, फक्त थोरला भाऊ सगळ्यांशी गोड बोलत सगळ्यांची वाट लावतो. पुस्तक परत करायला आले तेव्हा ते टेबलाशी उभे राहून त्या भावाशी तावातावाने भांडत होते. "त्याला वाटतं त्याने उपकारच केलेत!" मला तर काय बोलू आणि काय नको असं झालं. माणूस असं बोलायला लागला की तो परत येणार हे नक्की.

दुसरं म्हणजे मोठ्यांना पुस्तक अर्धवट सोडणं फार जड जातं. घेतलं म्हणजे संपवलंच पाहिजे, ही शिस्त कामात उपयोगी असेल, इथे ती वाचनच बंद पाडते. न आवडणारं पुस्तक उशाशी पडून राहतं, त्याच्या अपराधीपणामुळे दुसरंही उघडलं जात नाही, आणि महिने निघून जातात. दानिएल पेनाक नावाचे फ्रेंच लेखक, जे स्वतः शिक्षक होते, त्यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहून काढले. त्यातला पहिला न वाचण्याचा. मग पानं गाळण्याचा, पुस्तक अर्ध्यात सोडण्याचा, तेच पुन्हा वाचण्याचा, वाट्टेल ते वाचण्याचा. आणि शेवटचा, वाचल्यावर गप्प राहण्याचा. हा शेवटचा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. काय मिळालं ते कोणाला सांगायचं नाहीये, एवढी सवलत मिळाली की मोठी माणसं मोकळी होतात.

आणि कादंबरी एका दमात संपवायची असते हा समज कुठून आला कोण जाणे. डिकन्सची 'पिकविक पेपर्स' १८३६-३७ मध्ये दर महिन्याला एक भाग अशी आली. मराठीत हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू करून त्यातून कादंबऱ्या क्रमशः छापल्या. तेव्हाचे वाचक एक प्रकरण वाचून पुढच्याची वाट बघत बसायचे. तिठा, अर्धा तास भरपूर झाला.

पानगळ

रानजाई, तुमच्यासारखं कोणी टेबलाशी भेटलं असतं तर मी वीस वर्षं आधी सुरू केलं असतं.

धुकं

एक विचारू का? वाचताना तुम्हाला सगळ्यांना खरंच चित्रं दिसतात? "डोळ्यांसमोर चित्रपट उभा राहतो" असं जो तो लिहितो. मला काहीच दिसत नाही. नायिकेचा चेहरा नाही, घर नाही, पाऊस नाही. मला वाटायचं यामुळेच आपण कादंबरीच्या वाटेला गेलो नाही. आता वर्षभर वाचतेय, चांगलं रमायला होतं, पण दिसत मात्र काही नाही. माझं वाचणं अपुरं आहे का?

अवकाशवेध

धुकं, अजिबात नाही. फ्रान्सिस गॉल्टनने १८८० मध्ये लोकांना विचारलं होतं की सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल मनात आणा, काय दिसतं ते सांगा. कोणाला लख्ख दिसलं, कोणाला अंधुक, काहींना काहीच नाही. अॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या न दिसण्याला 'अफॅन्टेशिया' असं नाव दिलं. हा आजार नाही, माणसामाणसांतला फरक आहे. अशी माणसं कादंबऱ्या वाचतात आणि लिहितातही.

तुम्हाला वाचताना काय जाणवतं ते लिहाल का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

धुकं

हुश्श! इतकी वर्षं याला नाव आहे हेच माहीत नव्हतं.

जाणवतं म्हणजे... दोन माणसं एका खोलीत बसली असतील तर त्यांच्यातला ताण मला अंगावर जाणवतो. कोण कोणाला टाळतंय, कोणाला काय बोलायचंय आणि बोलवत नाहीये. संवाद आवाजासकट ऐकू येतात. निसर्गवर्णन आलं की मी दोन-दोन परिच्छेद ओलांडून पुढे जाते. आता पेनाक यांचा हक्क आहेच म्हणा.

उंबरठा

मी ऐकतो. वाचत नाही. इथे लिहू की नको असा विचार करत होतो.

लहानपणापासून अक्षरं माझ्यापुढे स्थिर राहत नाहीत. ओळ सुटते, दोन शब्द एक होतात. शाळेत मला वर्गासमोर उभं करून वाचायला लावायचे आणि मुलं हसायची. त्यानंतर पुस्तक या वस्तूलाच मी लांब ठेवलं. मागच्या वर्षी पुतणीने फोनमध्ये एक कादंबरी लावून दिली. काका, नुसतं ऐका म्हणाली. एका बाईंनी वाचली आहे ती, आवाजात उगाच नाट्य नाही, सरळ वाचतात. एका प्रसंगात म्हातारा बाप मुलाला स्टेशनवर सोडायला जातो आणि दोघंही गाडी येईपर्यंत हवापाण्याबद्दल बोलत राहतात. मी काम करता करता थांबलो आणि तसाच उभा राहिलो. माझ्या वडिलांशी माझं शेवटचं बोलणं असंच झालं होतं.

याला वाचन म्हणायचं का, हे मला कळत नाही. पण माझ्यासाठी ते दार आता उघडलंय.

साकव

उंबरठा दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. धाग्यावर सगळ्यांत आधी तुमचंच लिहिणं यायला हवं होतं.

अवकाशवेध

उंबरठा, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत काही लोकांना त्याच गोष्टी एकदा ऐकवल्या आणि एकदा वाचायला दिल्या, दोन्ही वेळा मेंदूचं स्कॅनिंग केलं. फातमा डेनिझ आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्दांचा अर्थ मेंदूत कुठे कसा उमटतो याचे नकाशे दोन्हींत जवळजवळ सारखे निघाले. गोष्ट कानांनी आली की डोळ्यांनी, पोचते एकाच ठिकाणी.

जुनंपान

मी लहानपणापासून वाचणाऱ्यांपैकी. धागा माझ्यासाठी नसला तरी राहवलं नाही.

साकव यांनी इस्त्रीचा जो प्रसंग लिहिलाय त्यावरून सांगतो. कादंबरी काय करू शकते आणि इतर कुठलं लेखन सहसा करत नाही, ते एका छोट्या उदाहरणात दाखवता येतं. हे मीच रचलंय:

"तिने दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. एवढ्या पावसात कोण येणार होतं?"

तिसरं वाक्य कोणाचं? अवतरणचिन्ह नाही, "तिच्या मनात आलं" असंही लिहिलेलं नाही. निवेदक बोलतोय म्हणावं तर तो प्रश्न विचारणार नाही, त्याला सगळं माहीत आहे. ती बोलतेय म्हणावं तर ती "येणार होतं" असं न म्हणता "येणार आहे" म्हणाली असती. वाक्य दोघांच्या मधोमध उभं आहे. आणि त्यामुळे वाचणारा एकाच वेळी तिच्या आतही असतो आणि तिच्याकडे बाहेरून बघतही असतो. ती स्वतःची समजूत घालतेय हे आपल्याला दिसतं, तिला दिसत नाही. कोणीतरी येईल ही आशा तिने सोडलेली नाही, हे तिने कुठेही कबूल न करता आपल्याला कळलेलं असतं.

समीक्षक याला मुक्त अप्रत्यक्ष निवेदन म्हणतात. नाव लक्षात ठेवायची काही गरज नाही. पण तिठा, तुम्ही विचारलंत ना की रचलेल्या माणसातून काय कळणार? खऱ्या आयुष्यात आपण एक तर स्वतःच्या आत असतो, नाहीतर दुसऱ्याच्या बाहेर. दोन्ही ठिकाणी एकदम उभं राहायला मिळतं ते इथेच.

मी दहाव्या वर्षापासून अशी वाक्यं वाचत आलो आणि ती माझ्या डोळ्यांखालून सरळ निघून जायची. गोष्टीत पुढे काय होतं यावर सगळं लक्ष. तुम्ही मोठेपणी सुरू करणारी माणसं पहिल्याच फेरीत सावकाश वाचता. साकव कॉलरपाशी थांबल्या. मी ते पान विसाव्या वर्षी वाचलं असतं तर त्या शर्टाकडे लक्षही गेलं नसतं.

काजळी

सगळं वाचून भरून आलं, पण माझी अडचण वेगळी आहे. मला पूर्वी जमायचं, आता जमत नाही. दोन पानं झाली की हात आपोआप फोनकडे जातो. कोणाचा निरोप आलेला नसतो, तरी जातो. छापील पुस्तक घेऊ की फोनवरच वाचू? वेग वाढवण्याचे वर्ग असतात त्यांचा फायदा होतो का?

अवकाशवेध

कागद की पडदा यावर २०१८ मध्ये पाब्लो डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले. आकलनाच्या बाबतीत कागद थोडा वरचढ ठरला. पण तो फरक माहितीपर मजकुरात दिसला, जिथे फक्त कथात्म मजकूर होता तिथे दिसला नाही. म्हणजे गोष्ट पडद्यावरही समजते. तुमची अडचण मात्र समजण्याची नाही, हात फोनकडे जाण्याची आहे, आणि फोनवरच वाचलं तर हात आधीच तिथे असतो. छापील घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

वेगाचे वर्ग विसरा. मार्क ब्रिस्बार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांवरून काढलेला इंग्रजी मूकवाचनाचा सरासरी वेग माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द आणि कथात्म मजकुरासाठी २६० आहे. मिनिटाला हजार शब्द शिकवू म्हणणारे चाळणं शिकवतात. कथा चाळली तर जुनंपान यांचं ते तिसरं वाक्यच गळून पडेल.

रानजाई

काजळी, मी एक भर घालते. सुरुवातीला कादंबरी नको, कथा घ्या, एका बैठकीत पुरी होणारी. आणि रात्री झोपताना वाचू नका. सगळे तेव्हाच वाचायला घेतात, दिवसभराच्या थकव्याने डोळे मिटतात आणि दोष पुस्तकावर येतो किंवा स्वतःवर. सकाळी इतर कशात डोकं गुंतायच्या आधी वाचून बघा. माझ्याकडच्या बऱ्याच जणांची गाडी यानेच रुळावर आलीय.

तिठा

एक कथा वाचली. रानजाई यांच्या सल्ल्याप्रमाणे सकाळी.

आवडली की नाही सांगता येत नाही, पण चिडलो हे नक्की. दोन बहिणी जुनं घर विकायचं की नाही यावर भांडतात, शेवटी धाकटी किल्ल्या टेबलावर ठेवते आणि कथा संपते. घर विकलं का? ठेवलेल्या किल्ल्या म्हणजे होकार की "तूच बघ आता"? लेखकाने सांगायला नको का? पान उलटलं तर पुढची कथा सुरू. दिवसभर तेच डोक्यात. शेवटी बायकोला सगळी कथा सांगितली. ती म्हणाली, किल्ल्या ठेवल्या म्हणजे ती हरली. मी म्हटलं, हरली नाही, सुटली. अर्धा तास आम्ही दोघं त्या न झालेल्या बहिणींवरून वाद घालत होतो.

जुनंपान

तिठा, लेखकाने सांगितलं असतं तर वाद घातला असता का?

तिठा

नसता. ते कळतंय. तरी मला शेवट हवाय. सगळ्या कथा अशाच असतात का?

रानजाई

नाही हो. स्वच्छ शेवटाच्या कथा भरपूर आहेत आणि त्या कुठे कमी दर्जाच्या नसतात. रहस्यकथेत गुन्हेगार सापडलाच पाहिजे, ही वाचकाची मागणी न्याय्यच आहे. पुढची वाचाल ती अशी घ्या, मग पुन्हा एखादी किल्ल्यांसारखी. आळीपाळीने वाचलं की आपल्याला कधी काय हवं असतं ते समजायला लागतं.

पानगळ

जाता जाता एक कामाचं विचारून घेतो. तीन पिढ्यांची मोठी कादंबरी हातात घेतलीय. पात्रं इतकी, की आत्या कोण आणि चुलत आत्या कोण यात माझा गोंधळ उडतोय. तुम्ही काय करता?

धुकं

मी खुणेच्या कागदावर नावं लिहिते. नाव, नातं आणि एक सवय. "सारखं दार लावून घेते", "पैसे उसने मागतो" असं. चेहरे दिसत नसल्यामुळे मला सवयीवरूनच माणूस ओळखावा लागतो. शंभरेक पानांनंतर कागद बघायची गरज उरत नाही.

साकव

मी पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वंशावळ काढते. फक्त वाचनालयाचं पुस्तक असेल तर वेगळ्या कागदावर, नाहीतर रानजाई रागावतील.

रानजाई

पेन्सिलीने असेल तर चालेल. पुढच्या वाचकाला उपयोगच होईल.